मधातला आवळा: खोकल्याला किती उपयोगी, आणि बरणी फसफसते का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली, खोकल्याच्या औषधाने २० हून जास्त लहान मुलं गेली, आणि त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात औषधाचं कपाट उघडून बाटल्या उलट्यासुलट्या करून बघणं चालू होतं. मग केंद्राकडून सूचना आली की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊच नयेत. झालं, सगळ्यांची गाडी घरगुती उपायांवर. ठाण्यात जांभळी नाक्यावर आवळे घ्यायला गेले तर शेजारी उभ्या काकू भाजीवाल्याला विचारत होत्या, "मधात घालायला कुठला चांगला, हा मोठा का हा छोटा?" भाजीवाला म्हणाला दोन्ही चांगले. तो तरी दुसरं काय सांगणार.

मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय आणि लग्नाआधी काही वर्षं तुर्भ्याला एका फॅक्टरीत जॅमच्या बॅचमधली साखर तपासायचं काम केलंय, त्यामुळे ओळखीतले लोक असले प्रश्न मलाच विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी त्या औषधातल्या विषाबद्दल दोन वाक्यं

औषध पातळ आणि गोड करायला ग्लिसरीनसारखे पदार्थ वापरतात. डायथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन दिसायला तसंच, चवीला पण गोडसर, पण पोटात गेलं की किडन्या बंद पाडतं. छिंदवाड्याच्या औषधात हेच सापडलं. आपल्याकडे हे नवीन नाही, १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ पेशंट गेले होते आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता, घरातल्या मोठ्यांना विचारा, आठवत असेल. म्हणजे लोकांची भीती उगाच नाहीये. फक्त भीतीपोटी जे घरी करतोय ते तरी नीट करूया.

मधामुळे खोकला थांबतो का?

थांबत नाही, कमी होतो, आणि तो सुद्धा मुख्यतः रात्रीचा. साधा सर्दीचा खोकला व्हायरसचा असतो, तो आपल्या वेळेने जातो, कधी कधी तीन आठवडे पण घेतो. तोपर्यंत झोप लागणं एवढाच प्रश्न असतो, मुलाची आणि त्याच्याबरोबर आपली.

यावर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००७ मध्ये एक अभ्यास झाला होता. १०५ मुलं. काहींना झोपायच्या अर्धा तास आधी मध दिला, काहींना मधाच्या चवीचं नेहमीचं खोकल्याचं औषध, काहींना काहीच नाही. सकाळी आईवडिलांना विचारलं रात्र कशी गेली. मधवाल्यांची रात्र सगळ्यात बरी गेली, आणि औषध हे काहीच न देण्यापेक्षा फार वेगळं ठरलं नाही. आता खरं सांगायचं तर हा एका रात्रीचा अभ्यास आहे आणि मार्क आईवडिलांनी दिलेत, त्यामुळे त्याला डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही. पण नंतर इस्रायलमध्ये ३०० मुलांवर झाला त्यातही मधच पुढे निघाला (तिथे तुलनेला खजुराचा पाक होता, म्हणजे नुसतं गोड आणि चिकट आहे म्हणून नव्हे). ब्रिटनमध्ये तर सरकारी मार्गदर्शनातच २०१८ पासून साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा असं आहे.

होतं काय, तर घट्ट मध घशाच्या आतल्या सोललेल्या भागावर बसतो, गोडामुळे लाळ सुटते, गिळणं होतं, आणि ती सारखी येणारी खवखव जरा दबते. बस एवढंच.

एक गोष्ट लक्षात घ्या, या सगळ्या अभ्यासांत नुसता मध होता. त्यात आवळा, लिंबू, आलं काहीच नव्हतं.

मग आवळा कशाला?

चांगला प्रश्न. आवळ्यात सी व्हिटॅमिन भरपूर, आणि सर्दीला सी व्हिटॅमिन हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर निघतं असं की रोज नियमाने सी व्हिटॅमिन घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण ८ टक्के कमी दिवस टिकते आणि मुलांची १४ टक्के. आठ दिवसांची सर्दी असेल तर मोठ्यांचा अर्धा-पाऊण दिवस वाचला. आणि सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तेवढाही फायदा खात्रीने दिसत नाही. तर आवळा औषध म्हणून फार मोठा नाहीये. पण तुरट-आंबट फोड चघळत बसलं की तोंडाला पाणी सुटतं, घसा ओला राहतो, आणि आमच्या सात वर्षांच्या मुलाला चमच्यातला मध नको असतो पण फोड हवी असते, हे कारण मला पुरेसं आहे.

कोरियात पण असंच करतात, यूजा नावाचं लिंबाच्या कुळातलं फळ सालीसकट चिरून साखरेत किंवा मधात मुरवतात आणि थंडीत गरम पाण्यात घालून पितात, हल्ली मॉलमध्ये त्याच्या बाटल्या दिसतात. किंमत बघून मी परत ठेवली.

आता मुद्द्याचं: मध खराब होत नाही मग बरणी का फसफसते?

हे मला मागच्या जूनमध्ये स्वतःच्या ओट्यावर शिकायला मिळालं, शिकलेली असून. घाईघाईत कच्चे आवळे चिरले, वरून मध ओतला, झाकण घट्ट लावलं आणि गॅसच्या बाजूला ठेवून विसरले. चौथ्या की पाचव्या रात्री फट्ट करून आवाज, झाकण तिरकं, मध ओघळून ट्रॉलीच्या आत गेलेला, आणि सकाळी मुंग्यांची रांग पार हॉलपर्यंत. बरणीला वास ताडीसारखा. सासूबाई म्हणाल्या, "अगं पाणी लागलं असेल कुठेतरी." मी म्हटलं आई, पाणी बाहेरून नाही लागलं, आवळ्यातूनच आलं.

कैरीचं लोणचं घालताना काय होतं आठवा. फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात तळाला पाणी साठतं. आपण एक थेंब घातलेला नसतो. मीठ जिथे जास्त तिकडे पाणी ओढलं जातं, याला शाळेत ऑस्मोसिस म्हणायचे. मध तेच करतो, मिठाच्या जागी साखर. चांगल्या मधात पाणी साधारण १८ टक्के असतं आणि बाकी जवळजवळ सगळी साखर. एवढी कोरडी साखर आवळ्याला चिकटली की ती आवळ्यातलं पाणी खेचून घेणारच.

मग मध एरवी का टिकतो? त्यात १८ टक्के पाणी आहेच की. इथे घोडबंदरला राहणाऱ्यांना पटकन कळेल असं सांगते. टँकर गेटमधून आत येताना दिसला म्हणजे तुमच्या नळाला पाणी आलं असं नसतं ना, ते आधीच कोणाच्या तरी नावावर असतं. मधातलं पाणी तसं साखरेच्या नावावर आहे. जंतूला वापरता येईल असं मोकळं पाणी त्यात फार थोडं. हे मोकळं पाणी मोजतात, साध्या पाण्याला १ धरलं तर मध साधारण ०.६. बहुतेक बॅक्टेरियांना ०.९ च्या वर लागतं, बहुतेक बुरशींना ०.८ च्या आसपास. फक्त साखरेत राहायची सवय असलेलं यीस्ट, म्हणजे ज्या जातीच्या जंतूने पाव फुगतो आणि दारू होते ते, त्यातले काही चिवट प्रकार ०.६ च्या थोडं वर सुद्धा तग धरतात. मधात ते झोपलेलेच असतात. वाट बघत असतात कोणी पाणी आणून देतंय का. आणि आपण आवळा घालतो!

त्यातून मध आंबट असतो आणि थोडा पातळ झाला की त्यातलं मधमाशीच्या लाळेतलं एक एन्झाइम जागं होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, जे आपण जखमेला लावतो तेच, अगदी किंचित. ते जंतूंना आवडत नाही हे खरं, पण त्याच्या जिवावर बरणी बाहेर ठेवू नका.

जरा हिशोब करूया

कंटाळवाणा वाटेल पण सगळं यातच आहे. अर्धा किलो मध घेतला, त्यात ९० ग्रॅम पाणी. आवळ्याच्या बी काढलेल्या फोडी पाव किलो, आवळ्यात साधारण ८० टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणजे २०५ ग्रॅम धरा. दोन्ही मिळून वजन ७५० आणि पाणी २९५. म्हणजे मुरल्यावर बरणीत पाणी जवळजवळ ३९ टक्के! १८ वरून ३९. याला मध म्हणायचंच नाही, हे मधाचं सरबत आहे फक्त जरा दाट.

आता त्याच फोडी वजन निम्मं होईपर्यंत वाळवल्या तर? १२५ ग्रॅम फोडी, त्यात पाणी ८० ग्रॅम. एकूण वजन ६२५, पाणी १७०, म्हणजे २७ टक्के. हे मोरावळ्याच्या आसपास गेलं. तरी मधाएवढं सुरक्षित नाही, २० टक्क्यांच्या वर मध पण आंबू शकतो, पण फ्रिजमध्ये ठेवलं तर आरामात निभावतं.

म्हणून किचनचा छोटा वजनकाटा असेल तर तो काढा. डोळ्यांनी वाळलंय वाटतं आणि वजन करून बघितलं तर अजून पाऊणच झालेलं असतं.

"पण आमच्या आजीचा तर वर्षभर टिकायचा"

टिकायचाच. फक्त आजी बहुतेक मोरावळा करायची, म्हणजे आवळे टोचून, वाफवून, साखरेच्या पाकात परत शिजवून. शिजवताना पाणी उडून जातं. तिला टक्केवारी माहीत नव्हती पण दोन बोटांत पाक धरून तार येते का बघायची, तीच तिची लॅब. मध मात्र आपण उकळत नाही, त्यामुळे पाणी उडायला वाटच नाही, ते आधीच वाळवून काढायला लागतं. साखरआंबा आणि छुंदा यात जो फरक तोच, एकात पाणी गॅसवर उडतं आणि एकात उन्हात. दुसरं म्हणजे आजीच्या अंगणात कोकणातलं किंवा देशावरचं ऊन होतं. आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला सकाळी नऊ ते साडेअकरा ऊन, मग समोरच्या टॉवरची सावली.

मी आता कसा करते

नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्यातच करायचा, आवळे पण तेव्हाच चांगले येतात आणि हवा कोरडी असते. पावसाळ्यात नको, ठाण्याच्या जुलैत बाहेर ठेवलेला पापड सुद्धा मऊ होतो.

आवळे धुऊन आठ-दहा मिनिटं वाफवायचे, शिट्टी न लावता. बोटाने दाबला की आपोआप पाकळ्या सुटतात, तेव्हा बंद. वाफवण्याने दोन कामं होतात, सालीवरचं यीस्ट बरंचसं मरतं आणि फोडीच्या आतलं जाळं म्हणजे पेशींच्या भिंती सैल होतात त्यामुळे मध आत शिरतो. थोडं सी व्हिटॅमिन जातं, जाऊ दे. मग सुती कापडावर पसरून पंख्याखाली एक रात्र आणि उन्हात दोन-तीन दिवस, वर जाळी. फोड हाताला चामड्यासारखी लागली पाहिजे पण मोडली नाही पाहिजे, कडा वळतात, रंग तपकिरी होतो. वजन निम्मं झालं की काचेच्या कोरड्या बरणीत, आणि वर मघाच्या हिशोबाप्रमाणे वाळलेल्या फोडींच्या चौपट वजनाचा मध, फोडी पूर्ण बुडल्या पाहिजेत. वर दोन-तीन बोटं जागा सोडा.

पहिल्या दिवशी एक गंमत बघा. फोडी वर तरंगतात आणि सारख्या वर येतात कितीही दाबा, कारण मध पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो. रोज कोरड्या चमच्याने वरखाली करायचं. आठवड्याभरात मध हलका पातळ होतो आणि फोडींत साखर शिरून त्या जड होतात, कडेने पारदर्शक दिसायला लागतात, आणि एक एक करून खाली बसतात. बहुतेक खाली बसल्या की मुरला समजा. तेवढा आठवडा झाकण सैल ठेवायचं आणि नंतर फ्रिज. मी एका वेळी दहा-बारा आवळ्यांपेक्षा जास्त करतच नाही, दीड-दोन महिन्यांत संपतो.

बुडबुडे, फेस, ताडीचा वास आला तर टाकून द्या. महाग मध होता म्हणून जीव तुटतो मान्य आहे, माझाही तुटला होता.

लिंबू, आलं, लसूण चालेल का?

लिंबाच्या चकत्या चालतील पण त्यात आवळ्यापेक्षा जास्त पाणी, आणि चकत्या वाळवत कोण बसतं, त्यामुळे ते फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायचं प्रकरण. आल्याचे पातळ काप वाळवून चांगले लागतात. लसणाचं मात्र मला पटत नाही. आवळा-लिंबू इतके आंबट असतात की बोटुलिझमचा जंतू त्यात वाढूच शकत नाही. लसूण आंबट नाही, मातीतून येतो, आणि ओल्या पाकळ्या मधाला पातळ करतात. कोणी म्हणेल आम्ही वर्षानुवर्षं खातोय काही झालं नाही. मी ठेवणार नाही, एवढंच.

एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही

बोटुलिझमचं नाव निघालंच आहे तर इथे थांबते जरा. या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवच घेऊन झोपलेलं त्याचं रूप, मातीत-धुळीत असतात आणि मधात पण असू शकतात. मध कितीही शुद्ध असो, थेट पोळ्याचा असो. ते साध्या उकळण्याने मरत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतके जंतू गर्दी करून बसलेत की याला जागा मिळत नाही, आठ-अकराच्या कल्याण फास्ट लोकलसारखं. तान्ह्या बाळाची आतडी रिकामी गाडी असते, हा आरामात बसतो, वाढतो आणि तिथेच विष तयार करतो. बाळ मलूल पडतं, दूध ओढत नाही, रडणं बारीक होतं, संडास होत नाही.

आणि आपल्याकडे तर जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या वळ्याने मध चाटवायची पद्धत, बाळगुटी मधात उगाळायची पद्धत. माझ्या मुलाच्या वेळी मी नाही म्हटलं तर घरात दोन दिवस शांतता होती. शेवटी बारशाला आमच्या डॉक्टरांनीच सासूबाईंना सांगितलं, "आजी, वर्ष झालं की तुम्हीच चाटवा पहिल्यांदा." त्यांनी वाढदिवसाला चाटवला, वळ्यानेच.

हा आजार क्वचितच होतो. पण त्यासाठी जे टाळायचंय ते इतकं सोपं आहे की जोखीम घ्यायचं काही कारण नाही.

द्यायचा किती?

पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलांना अर्धा छोटा चमचा होता, सहा ते अकरा एक चमचा, त्यापुढे दोन. झोपायच्या आधी, आणि मग चूळ भरायची किंवा ब्रश, नाहीतर खोकला जाईल आणि दात किडतील. माझं मत असं की रात्री घशासाठी चमचाभर नुसता घट्ट मध द्या आणि आवळ्याची फोड दिवसा चघळायला. मुरलेल्या बरणीतला पातळ रस घशावर तेवढा टिकत नाही.

डायबेटीस असलेल्यांनी "मध नैसर्गिक आहे" यावर जाऊ नये. मोठा चमचाभर मधात १७ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि फोडीने ती प्यायलेली असते. शरीराला ती कोणी बनवली याने फरक पडत नाही.

मध खरा आहे का कसं ओळखायचं?

घरी नाही ओळखता येत. पाण्यात टाकून खाली बसतो का, काडेपेटीची काडी बुडवून पेटते का, कुत्रा खातो का, हे सगळं करमणुकीसाठी ठीक. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचा मध तपासला, त्यातले १० एनएमआर नावाच्या महागड्या तपासणीत नापास झाले, त्यांचं म्हणणं त्यात साखरेचे पाक मिसळलेत आणि कंपन्यांनी ते नाकारलं. तिथे लॅबच्या नेहमीच्या चाचण्यांना चकवणारे पाक होते म्हणतात, तर आपला पाण्याचा ग्लास काय सांगणार. आणि खाली साखर धरली म्हणजे भेसळ असं पण नाही, खऱ्या मधातलं ग्लुकोज थंडीत गोठतंच. मी महाबळेश्वरकडे कोणी गेलं की मागवते, तिकडचं मांघर हे २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. फक्त तो मध कधी कधी जात्याच पातळ असतो, आपल्या सातेरी माश्यांच्या मधात पाणी जरा जास्त असतं, तेव्हा असला मध मुरवायला न वापरता नुसता खायला ठेवा.

बरणी बाजूला ठेवायची वेळ

खोकला दोन आठवडे झाले तरी जात नसेल तर आपल्याकडे टीबीची तपासणी करून घ्या असाच सरकारी नियम आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते, लाजायचं काही नाही. रक्त पडलं, धाप लागली, मुलाच्या बरगड्या श्वास घेताना आत ओढल्या जातायत, वजन उतरतंय, संध्याकाळचा ताप येतोय, तर दोन आठवडे पण थांबू नका. आणि आमच्या इथे मेट्रोचं काम आणि चार बाजूंना टॉवर, त्या धुळीचा खोकला असेल तर बादलीभर मध खाऊन पण जाणार नाही, खिडकी लावली की कमी होतो का ते आधी बघा.

तळाला जो रस उरतो

फोडी संपल्या की वाटीभर आंबट-गोड पातळ रस राहतो, तो परत दुसऱ्या आवळ्यांवर ओतायचा मोह होतो. नको, त्यात आता साखर कमी आणि पाणी जास्त, नवीन फोडी घातल्या की ओट्यावरची जूनवाली गोष्ट परत. आम्ही त्यात गार पाणी, चिमूटभर सैंधव आणि थोडं जिरं घालून पितो, साधारण फेब्रुवारीत, तोपर्यंत दुपारी उकडायला लागलेलं असतंच.